दुकानातल्या माणसाचं मन सांभाळायचं कसं? माझ्याच काउंटरवर शिकलेला धडा



चॅनेलवर मी बहुतेक वेळा स्टॉक, मार्जिन, उधारी, जीएसटी यांवर बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण धंद्याच्या बाहेरचा अजिबात नाही. आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाच्या मनाची काळजी. व्हिडिओत वेळ कमी पडतो आणि काही गोष्टी कॅमेऱ्यासमोर बोलता येत नाहीत, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

"सर, आमच्याकडे दोनच पोरं आहेत, हे सगळं मोठ्या कंपन्यांचं काम," असं तुमच्या मनात आलं असेल. मीही असंच समजत होतो. बीबीएला असताना एचआरच्या पेपरात मॅस्लोचा पिरॅमिड काढून मी चांगले मार्क मिळवले होते. पण वडिलांच्या साडी आणि रेडिमेडच्या दुकानात बसायला लागल्यावर तो पिरॅमिड वहीतच राहिला. तो बाहेर कसा आला, ते आधी सांगतो.

मे महिन्यातली ती दुपार

आमच्या दुकानात आम्ही घरचे धरून नऊ माणसं. साडीच्या काउंटरवर चार वर्षांपासून एक मुलगा होता. नाव सांगत नाही. हा लेख टाकायच्या आधी त्याला पूर्ण वाचून दाखवलाय आणि त्याने होकार दिल्यावरच टाकलाय. हा मुलगा म्हणजे आमचा हुकमी एक्का. गिऱ्हाइकाच्या आईने मागच्या लग्नात कोणत्या रंगाचा शालू घेतला होता, हेसुद्धा त्याच्या लक्षात असायचं.

त्या वर्षी फेब्रुवारीपासून तो बदलला. आधी दहा मिनिटं उशीर, मग अर्धा तास. दाखवलेल्या साड्यांच्या घड्या न घालता थप्पी तशीच पडलेली. एकदा बिल एका साडीचं आणि पिशवीत भलतीच साडी. दोनदा सुट्टे देताना जास्त पैसे गेले. जेवायच्या वेळेला डबा न उघडता माळ्यावर जाऊन बसायचा. मी मनात म्हटलं, याला आता माज आलाय, दुसरीकडून ऑफर आली असणार.

मग आली लग्नसराई. दुपारी दुकान भरलेलं. नवरीकडची आठ-दहा माणसं गादीवर बसलेली आणि याला मागितलेला रंग सापडेना. मी गल्ल्यावरूनच ओरडलो, "अरे, झोपा काढायला येतोस का इथे?" गिऱ्हाईक हसलं. बाकीच्या पोरांनी माना खाली घातल्या. तो काहीच बोलला नाही. हातातली साडी नीट घडी करून ठेवली आणि संध्याकाळपर्यंत गप्प काम केलं.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. फोन बंद. तिसऱ्या दिवशी मी रागाने हजेरीच्या वहीत खाडे मांडले आणि दुसरा माणूस बघायला लागलो. पाचव्या दिवशी आमच्याकडे पॅकिंगला असलेल्या मावशी दुकान बंद करताना थांबल्या आणि म्हणाल्या, "दादा, रागावू नका, पण एकदा त्याच्या घरी जाऊन या. पोरगं ठीक नाहीय."

गेलो. तो अंधाऱ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याची आई बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाली, "दोन महिने झाले, झोपतच नाही." वडिलांचं आजारपण, त्यासाठी मोबाईलवरच्या लोन ॲपमधून घेतलेले पैसे, एक फेडायला दुसरं, आणि दिवसभर वसुलीवाल्यांचे फोन. माळ्यावर जाऊन तो तेच फोन घेत होता. मला वाटत होतं दुसऱ्या दुकानवाल्याशी बोलतोय.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "दादा, मला वाटायला लागलं होतं, मी नसलो तर सगळ्यांचंच बरं होईल."

मित्रांनो, ते ऐकल्यावर मला काय बोलावं ते सुचलं नाही. मी तिथेच बसून राहिलो. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईला आणि त्याला घेऊन सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलो. डॉक्टरांनी औषधं दिली, बोलायला बोलावलं. साधारण महिनाभर तो घरी होता, मग अर्धा दिवस यायला लागला. आज तो पुन्हा त्याच काउंटरवर आहे.

बरा झाल्यावर एकदा मी त्याला विचारलं, माझ्या त्या बोलण्यामुळे झालं का रे? तो म्हणाला, "तसं नाही दादा. आजारी मी आधीच होतो. पण त्या दिवसानंतर दुकानात कुठल्या तोंडाने यायचं, तेच कळेना. दुकान एवढीच एक जागा होती जिथे मला बरं वाटायचं."

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. माणसाच्या घरातलं कर्ज, आजारपण, भांडणं आपण घालवू शकत नाही. आपण डॉक्टर नाही. पण आपलं दुकान ही त्याला बरं वाटणारी जागा राहील की तीही बंद होईल, हे मात्र बऱ्यापैकी मालकाच्या हातात असतं. आजचा सगळा लेख एवढ्याच गोष्टीवर आहे.

आधी हिशेब बघू, कारण आपण धंदेवाले आहोत

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार नैराश्य आणि चिंतेच्या आजारांमुळे जगात दरवर्षी कामाचे सुमारे १,२०० कोटी दिवस वाया जातात, आणि त्याचं नुकसान १ लाख कोटी डॉलरच्या घरात जातं. हा आकडा इतका मोठा आहे की आपल्या डोक्यात शिरत नाही. म्हणून आपल्या दुकानाचा हिशेब करू.

समजा एका सेल्समनचा पगार १५,००० रुपये. तो सोडून गेला आणि तुम्ही नवीन माणूस घेतला. आमच्या धंद्यात नवखा माणूस तयार व्हायला तीन महिने लागतात. पहिल्या महिन्यात तो पाव काम करतो, दुसऱ्यात अर्धं, तिसऱ्यात पाऊण. पगार मात्र तिन्ही महिने पूर्ण. म्हणजे दीड महिन्याचा पगार, २२,५०० रुपये, काम न होताच गेले. यात परत गेलेली गिऱ्हाइकं आणि तुमचा शिकवण्यात गेलेला वेळ धरलेला नाही. याउलट त्या मुलाला मी महिनाभर अर्धा पगार दिला, म्हणजे ७,५०० रुपये. वही तुमच्यासमोर आहे.

अर्थात सगळंच वहीत मांडायचं नसतं. पण "परवडत नाही" म्हणणाऱ्यांसाठी हे सांगितलं.

रोजच्या पाच गोष्टी: यातल्या बऱ्याच फुकट आहेत

मोठ्या कंपनीत समुपदेशक असतो, योगाचा वर्ग असतो. आपल्याकडे ते नाही आणि त्याने फार बिघडतही नाही. छोट्या दुकानात माणसाच्या डोक्याला सगळ्यात जास्त त्रास होतो तो अनिश्चिततेचा. पगार कधी होणार, सुट्टी मिळणार का, आज मालकाचा मूड कसा असेल. ही अनिश्चितता कमी करा, अर्धं काम तिथेच होतं.

१. पगाराची तारीख. कायदा सांगतो महिना संपल्यावर सात तारखेच्या आत. मी पाच तारीख ठरवलीय आणि ती भिंतीवर लिहिलीय. तुमचं पेमेंट अडकलं असेल, बँकेत पैसे नसतील, तो तुमचा प्रश्न. त्याचं घरभाडं आणि हप्ता तारखेलाच कापला जातो. एखाद्या महिन्यात खरंच जमत नसेल तर चार दिवस आधी सांगा. "बघू, देतो" हे दोन शब्द माणसाची झोप घालवतात.

२. आठवड्याची सुट्टी. महाराष्ट्रात दुकानांसाठी २०१७ चा कायदा आहे. त्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडं ठेवायची मुभा दिली, पण माणसाला आठवड्यातून सलग २४ तासांची सुट्टी द्यायला सांगितली. पहिलं वाक्य सगळ्या मालकांना पाठ असतं, दुसरं कुणालाच आठवत नाही. किती माणसं असली की कुठला नियम लागू होतो हे तुमच्या सल्लागाराला विचारून घ्या, नियमांत बदलही होत असतात. पण तुमच्याकडे एकच माणूस असला तरी त्याला सुट्टी लागतेच, त्यासाठी कायदा कशाला हवा? आणि सुट्टी म्हणजे सुट्टी. "निळ्या काठाचा माल कुठे ठेवलास रे?" असा फोन सुट्टीच्या दिवशी नको. माल कुठे आहे ते आदल्या दिवशी लिहून घ्यायची सवय लावा.

३. बसायला स्टूल आणि जायला बाथरूम. हसू नका. कापडाच्या दुकानात दहा-दहा तास उभं राहणं ही काय चीज आहे, ते मालकाला गादीवरून कळत नाही. केरळमध्ये कोझिकोडच्या बाजारपेठेतल्या सेल्सवुमन आधी स्वच्छतागृहासाठी आणि मग बसण्याच्या हक्कासाठी लढल्या. पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र आणलं. शेवटी २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात बदल करून कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तसंच केलं. बाथरूमची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली आपल्याकडच्या बाजारातही आहेत, आणि त्या हे तुम्हाला कधीच तोंडाने सांगणार नाहीत. दुकानात जागा नसेल तर शेजारच्या कॉम्प्लेक्सशी बोलून किल्लीची सोय करा. आम्ही काउंटरमागे चार स्टूल ठेवले. सुरुवातीला वडील म्हणाले, "पोरं आळशी होतील." गिऱ्हाईक आल्यावर अजून एकही पोरगं बसून राहिलेलं नाही.

४. उचल. आपल्याकडे माणूस अडचणीत आला की पहिल्यांदा मालकाकडे उचल मागतो. तिथे मालकाने पाच जणांसमोर "परवाच घेतलीस ना?" म्हटलं की तो परत मागत नाही, तो मोबाईलवर ॲप उघडतो. आमच्या मुलाचं नेमकं हेच झालं. त्याने जानेवारीत माझ्याकडे पैसे मागितले होते आणि मी सगळ्यांसमोर चेष्टा केली होती, हे मला नंतर आठवलं. आता आमचा नियम आहे: अर्ध्या पगारापर्यंत उचल, तीन हप्त्यांत कापायची, मागणी एकट्यात करायची, नोंद वहीत, दोघांच्या सह्या. नाही म्हणायचं असेल तर तेही एकट्यात आणि कारण सांगून.

५. बोलणं. हा सगळ्यात अवघड मुद्दा, कारण इथे पैसे खर्च होत नाहीत, आपली सवय खर्च करावी लागते. आमच्या दुकानात आता एक नियम आहे आणि तो मलाच लागू आहे. गिऱ्हाइकासमोर आणि बाकी माणसांसमोर कुणालाही बोलायचं नाही. चूक झाली तर संध्याकाळी, एकट्यात, आणि चुकीबद्दल. "तू असाच आहेस" हे नाही, "आज बिलात ही चूक झाली, कशी झाली?" हे. गिऱ्हाईक माणसाला वाटेल तसं बोलत असेल तर मध्ये मी उभा राहतो. एखादं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. सात माणसं बघत असतात की आपला मालक कुणाच्या बाजूने उभा राहतो.

खुणा ओळखायच्या कशा?

आजार ओळखणं आपलं काम नाही. बदल ओळखणं आपलं काम आहे, आणि ते आपल्याइतकं कुणालाच जमणार नाही, कारण घरच्यांपेक्षा जास्त तास तो माणूस आपल्यासमोर असतो. साधारण दोन आठवडे किंवा जास्त काळ यातल्या दोन-तीन गोष्टी दिसल्या तर थांबून बघा:

– नेहमी वेळेवर येणारा उशिरा यायला लागला, खाडे वाढले
– हिशेबात, मापात, पॅकिंगमध्ये साध्या चुका
– जेवण कमी, वजन उतरलेलं, डोळे तारवटलेले
– गप्पा मारणारा गप्प झाला, किंवा शांत माणूस एकदम चिडायला लागला
– दारूचं प्रमाण वाढलं, सकाळी वास येतो
– सारखे फोन, आणि फोन आला की बाहेर जाणं
– "आता काही अर्थ नाही", "कंटाळा आला सगळ्याचा" अशी बोलणी, स्वतःच्या वस्तू वाटून टाकणं

शेवटची खूण दिसली तर दोन आठवडे थांबायचं नाही. त्याच दिवशी बोलायचं.

बोलायचं कसं?

इथे बहुतेक मालक अडकतात. मीही अडकायचो. म्हणून मी वापरतो ती वाक्यं जशीच्या तशी देतोय.

जागा एकांताची हवी. चहाला बाहेर घेऊन जा. गल्ल्यावर बसून, एक डोळा गिऱ्हाइकावर ठेवून हे बोलणं होत नाही. सुरुवात अशी करा: "गेले काही दिवस बघतोय, तू जेवत नाहीयेस, गप्प असतोस. कामाचं बोलायला नाही बोलावलं. सगळं ठीक आहे ना?"

तो म्हणेल, "काही नाही दादा." शंभरातली नव्वद माणसं हेच म्हणतात. तिथे खोदू नका. म्हणा, "बरं. पण काही असेल तर कधीही सांग, दुकानात कुणाला कळणार नाही." आणि चार दिवसांनी परत विचारा. दुसऱ्यांदा विचारलं की माणसाला कळतं, हा नुसता विचारायचं म्हणून विचारत नाही.

तो बोलायला लागला तर ऐका. उपाय सांगायची घाई नको. "आमच्या वेळी तर यापेक्षा वाईट होतं", "मन घट्ट कर", "लग्न कर, सगळं ठीक होईल", "अमक्या महाराजांकडे जा" ही चार वाक्यं तोंडातून निघू देऊ नका. "हे एकट्याने सोसत होतास, अवघड आहे रे" एवढं म्हटलं तरी पुष्कळ झालं.

जीव द्यायचे विचार येत असतील अशी शंका आली तर सरळ विचारा: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो ही चुकीची समजूत आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरच्या विश्वासातल्या माणसाला बोलवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. "कुणाला सांगणार नाही" हे वचन या एका बाबतीत पाळायचं नसतं, आणि हे त्यालाही सांगायचं.

मदत कुठे मिळते?

हा भाग लिहून घ्या आणि आजच दुकानात हजेरीच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

टेलि-मानस, १४४१६. केंद्र सरकारची मोफत हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आधी तुम्ही स्वतः फोन करून "माझ्या माणसाशी कसं बोलू?" असं विचारलं तरी चालतं.

सरकारी जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग. खर्चाच्या भीतीने लोक डॉक्टरांकडे जात नाहीत. तिथे हा खर्च नावापुरता असतो. जमलं तर पहिल्या दिवशी सोबत जा. नोंदणीच्या रांगेत एकट्याने उभं राहून परत फिरणारे बरेच असतात.

व्यसन असेल तर नुसतं रागावून दारू सुटत नाही, तोही उपचाराचा विषय आहे. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हेच काम करतंय. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या आयपीएच या संस्थेचं काम मनाच्या आरोग्यावर आहे, आणि त्यांचे मराठी व्हिडिओ ऐकण्यासारखे असतात.

कर्जवसुलीचा छळ असेल तर आधी हे सांगा की नियम तुझ्या बाजूने आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या वसुलीवाल्याला सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही, धमक्या देता येत नाहीत, नातेवाइकांची आणि मित्रांची बदनामी करता येत नाही. बेकायदा ॲपवाले फोटो बिघडवून पाठवायची धमकी देत असतील तर सायबर हेल्पलाइन १९३० आणि पोलीस ठाणं. आम्ही तक्रार द्यायला एकत्र गेलो होतो. सगळे पैसे माफ झाले नाहीत, पण रात्रीचे फोन बंद झाले आणि त्याला झोप लागायला लागली.

दुकानात मुलीला कुणाकडून त्रास होत असेल तर तो मनाच्या आजाराचा प्रश्न नाही, तो तक्रारीचा आहे. २०१३ चा कायदा आपल्या दुकानालाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसं असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. "जाऊ दे गं, त्याचा स्वभावच तसा आहे" असं मालकाने म्हणायचं नाही.

तो परत येतो तेव्हा

या टप्प्यावर बहुतेक ठिकाणी गाडी घसरते. माणूस बरा होऊन येतो आणि पहिल्याच दिवशी कुणीतरी विचारतं, "काय रे, डोक्याच्या डॉक्टरकडे गेला होतास म्हणे?"

मी तीन गोष्टी केल्या. पहिली, त्यालाच विचारलं, बाकीच्यांना काय सांगू? तो म्हणाला, "आजारी होतो एवढंच सांगा." मी तेवढंच सांगितलं. दुसरी, पहिले पंधरा दिवस दुपारपर्यंतच काम, तेही आत, स्टॉक लावायचं. गिऱ्हाईक नाही, गल्ला नाही. सकाळच्या औषधाने सुस्ती येते म्हणून अकरा वाजता यायची मुभा. तिसरी गोष्ट मला जड गेली. मी सगळ्यांसमोर ओरडलो होतो, म्हणून माफीही सगळ्यांसमोर मागितली. सकाळी दिवाबत्ती झाल्यावर दोन मिनिटं. "त्या दिवशी मी चुकलो, असं परत होणार नाही." माझा आवाज जरा कापत होता. मावशी म्हणाल्या, "चला, आता शटर पूर्ण वर घ्या." सगळे हसले आणि कामाला लागले.

"पण सर, कामचुकार असेल तर?"

हा प्रश्न येणार, मला माहीत आहे. प्रत्येक उशीर म्हणजे आजार नसतो. गल्ल्यातून पैसे काढणं ही चोरीच आहे. मनाची काळजी घेणं म्हणजे कामाचा हिशेब सोडणं नव्हे. मी फरक असा बघतो: जो पहिल्यापासून तसाच आहे, त्याच्याशी कामाची बोलणी. जो चांगला होता आणि बदलला, त्याच्याशी आधी माणसाची बोलणी, मग कामाची. विचारपूस केली, मदत दिली, वेळ दिला, आणि तरी जमत नसेल तर निरोप द्यावा लागतो. मलाही एकदा द्यावा लागला. पण तोही पूर्ण हिशेब देऊन, एकट्यात, मान ठेवून.

आणि मालकाचं काय?

त्या मे महिन्यात मी का ओरडलो, याचा नंतर विचार केला. व्यापाऱ्याचं पेमेंट थकलेलं, दोन महिने एकही सुट्टी नाही, रात्री एक वाजेपर्यंत हिशेब. मीच झोपलेलो नव्हतो. दुकानात सकाळी मालक कसल्या तोंडाने शटर उघडतो, त्यावर सगळ्यांचा दिवस ठरतो. तेव्हा वरच्या यादीत स्वतःलाही बघा. आठवड्याची सुट्टी मालकालाही लागते. १४४१६ हा नंबर मालकासाठीही आहे.

तुमच्याकडे आज एकही माणूस कामाला नसेल, दुकान अजून स्वप्नातच असेल, तर हे आताच वाचलंत ते बरं झालं. पहिल्या माणसाशी तुम्ही जसं वागता, तीच पुढे दुकानाची रीत होते. नंतर बदलायला फार जड जातं, मी अनुभवाने सांगतोय.

या आठवड्याचा गृहपाठ

१. पगाराची तारीख ठरवा आणि भिंतीवर लिहा.
२. हजेरीच्या वहीत पहिल्या पानावर १४४१६ लिहा.
३. एक स्टूल विकत आणा.
४. गेल्या महिन्याभरात जो माणूस बदललाय असं वाटतं, त्याला चहाला घेऊन जा.

चौथा गृहपाठ करून झाला की व्हिडिओखाली नुसतं "चहा झाला" एवढं लिहा. नाव, तपशील काही लिहू नका, ते तुमच्या दोघांत राहू द्या. भेटूया पुढच्या लेखात, तेव्हा लग्नसराईच्या स्टॉकबद्दल बोलू. तोपर्यंत काळजी घ्या, स्वतःची आणि आपल्या माणसांची.